गाडी न नेता कोकण किनारा : खाड्या ओलांडत, गावात राहत

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

फेब्रुवारीत कोकण किनाऱ्याने खाली उतरत जायचा विचार आहे. स्वतःची गाडी नाही. बोट, एसटी, जंगलजेटी (गाड्या आणि माणसं खाडीपार नेणारी फेरीबोट) आणि पाय. दोघं जण, दोघंही पन्नाशीतले, चालायची सवय आहे. मनातला मार्ग असा :

भाऊचा धक्का – मांडवा – अलिबाग – मुरूड – आगरदांडा – दिघी – दिवेआगर – श्रीवर्धन – हरिहरेश्वर – बागमांडला – वेसवी – वेळास – केळशी – आंजर्ले – हर्णै – दाभोळ – धोपावे – गुहागर – हेदवी – तवसाळ – जयगड – गणपतीपुळे – रत्नागिरी. तिथून रेल्वेने परत. सहा दिवस.

यादीवर खुणा करत पळायचं नाही. गावं कळावीत, तिथल्या लोकांशी जरा बोलणं व्हावं, आणि आपल्यामुळे कुणाला ताप होऊ नये, एवढंच. सहा दिवसांत हे बसेल का? घरगुती सोय ठरवताना काय सांगावं, काय विचारावं? आणि अनोळखी गावात, आगाऊपणा न वाटता, बोलणं सुरू कसं होतं? जाणकारांनी लिहावं.

टवाळ_टोळ

सहा दिवसांत वीस गावं आणि "पळायचं नाही". बरं.

खाडीकाठ

मार्ग चुकीचा नाही, दिवस चुकले आहेत. गाडीने हा पट्टा चार दिवसांत होतो म्हणून एसटीने सहा दिवसांत होईल, असा हिशेब झालेला दिसतो. तो का बसत नाही ते सांगतो.

जंगलजेटीचं एक बरं आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, दोन-दोन फेऱ्या थांबावं लागतं. पायी माणूस तिकीट काढून सरळ आत चालत जातो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, चारही ठिकाणी असंच. खाडी ओलांडायला पाव ते अर्धा तास. अडचण पलीकडे उतरल्यावर सुरू होते. बोटीतून उतरणारे बहुतेक लोक स्वतःच्या वाहनाचे, त्यामुळे बोटीची वेळ धरून एसटी उभी असेल असं समजू नका. धोपाव्याला किंवा वेसवीला उतरून गाडी नसेल तर एक तर वडाप (सीटवर पैसे घेणारी खासगी जीप) भरेपर्यंत थांबायचं, नाही तर आख्खी रिक्षा करायची. असे दोन टप्पे एका दिवसात घातले की दिवस स्टँडवर जातो.

म्हणून खाडी ते खाडी एकच तुकडा धरा. माझं मत : सावित्री ते वाशिष्ठी, म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून दाभोळच्या खाडीपर्यंत. वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, दापोलीचं मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. मंडणगड आणि दापोली हे दोनच तालुके, दोनच एसटी आगारं. सहा रात्रींत तीन मुक्काम, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. मांडवा ते हरिहरेश्वर पुढच्या खेपेला.

हिशेबनीस

खाडीकाठ यांना +१. एसटीबद्दल थोडं :

किनाऱ्यावरच्या गावांना दोन प्रकारच्या गाड्या असतात. एक वस्तीची. संध्याकाळी आगारातून येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, पहाटे ती परत जाते. दुसरी शाळा-कॉलेजच्या वेळेची. म्हणजे गावातून बाहेर पडायचं तर पहाटेची सोडू नका आणि गावात पोचायचं तर संध्याकाळची. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळा बंद असली की दुसऱ्या प्रकारातल्या काही फेऱ्या रद्द होतात, आणि नेटवरच्या वेळापत्रकात ते दिसत नाही. आगाराच्या चौकशी खिडकीवर "उद्या वेळास किती वाजता?" असं न विचारता "वेळासच्या उद्या कोणकोणत्या जाणार?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एकच वेळ मिळते, दुसऱ्याला पूर्ण यादी.

वेळासहून केळशीला थेट गाडी मिळेल असं धरून चालू नका. मंडणगडला येऊन बदलायची तयारी ठेवा.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. "आवडेल तेथे प्रवास" पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. पण एवढ्याशा पट्ट्यात रोज जेमतेम वीस-तीस किलोमीटर होणार असतील तर पासाचे पैसे वसूल होत नाहीत. तो लांब पल्ल्यासाठी घ्यावा.

सुटे पैसे! दहा-वीसच्या नोटा. रेंज नसेल तिथे फोनवरून पैसे जात नाहीत आणि कंडक्टरकडे पाचशेचे सुटे नसतात.

बंड्या_दापोलीकर

खेडला रेल्वेने उतरून दापोली गाठणं सोपं. परतीला पण तेच.

गाडीवान

सगळेच एसटीभक्त दिसताहेत म्हणून उलट बाजू. बरोबर सत्तरीचे आईवडील असतील, गुडघे दुखत असतील, तर स्टँडवर दोन तास बसवणं म्हणजे "सावकाश प्रवास" नव्हे, ती शिक्षा आहे. गाडी न्यावी, जंगलजेटीवर चढवावी आणि गावात शिरल्यावर दोन दिवस ती हलवू नये. गाडीमुळे प्रवास उथळ होत नाही, रोज मुक्काम बदलल्यामुळे होतो. फक्त गावातल्या पाखाडीत (अरुंद वाटेत) चारचाकी घालू नका. तिथे वळवायला जागा नसते, मग कुणाचा तरी गडगा (दगडी कुंपण) पाडून बाहेर यावं लागतं.

टवाळ_टोळ

गडगा पाडला की ओळख मात्र आयुष्यभराची होते.

ओटी_पडवी

घरगुती सोयीबद्दल विचारलंय. फोन करणाऱ्याने हे सांगितलं की पलीकडच्या बाईचं काम निम्मं होतं :

माणसं नक्की किती, पोचणार किती वाजता, आणि पहिलं जेवण दुपारचं की रात्रीचं. किती जण शाकाहारी. कुणाला शेंगदाणा, कोळंबी असलं काही चालत नाही का. बस.

घरगुती म्हणजे हॉटेल नव्हे, हे सगळे म्हणतात, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. अर्थ असा की मासे सकाळी माणसं मोजून आणलेले असतात. संध्याकाळी सहाला "आम्ही चारचे सहा झालो" असा फोन आला तर मासा वाढत नाही, तुकडे लहान होतात. "आज बाहेर जेवतो" असा आला तर ते मासे वाया. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. नारळ खवणं, सारण, उकड, मग एकेक वळायचा, घरात हात दोन किंवा चारच. ऐन वेळी मागितले तर कुठून तरी आणून ठेवतील, पण ते फ्रीजमधले असतील.

सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला बऱ्याच घरात मासे शिजत नाहीत. पैसे देतोय म्हणून हट्ट करू नये. उलट त्या दिवशी कुळथाचं पिठलं, फणसाच्या कुवल्या नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ मागा. बाहेर खानावळीत हे मिळत नाही. "आज काय कराल?" एवढं विचारा आणि गप्प बसा.

मद्य चालतं का हे फोनवरच विचारावं. आल्यावर ओटीवर बाटली काढून विचारू नये.

सड्यावरचा

पाण्याचं कुणी लिहिलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकर लागतो. कारण जांभा. त्या दगडाला भोकं असतात, उतार तीव्र, पाणी मुरून खालच्या चिकणमातीच्या थरावरून बाजूला निघून समुद्राला मिळतं. विहिरी मार्चनंतर झपाट्याने उतरतात. फेब्रुवारीत तुम्हाला जाणवणार नाही. पण धागा वाचून मे महिन्यात जाणाऱ्यांनी समुद्रावरून आल्यावर शॉवरखाली वाळू धुवत उभं राहू नये. बादली भरून घ्या, पाय बाहेरच धुवा, ओले कपडे घरी नेऊन धुवा. यजमान तोंडाने सांगणार नाहीत.

कचऱ्याचंही तसंच. छोट्या गावात घंटागाडी येतेच असं नाही. डब्यात टाकलेली बाटली मागच्या परसात जळते नाहीतर पावसाळ्यात खाडीत जाते. स्टीलची बाटली न्या, घरातलं गाळलेलं पाणी भरून घ्या. वेष्टनं परत शहरात आणा.

मालवणी_खाजा

इलास तर दोन दिस र्‍हवा. धावतास कित्याक? आमचो समुद्र खंय पळान जाणा नाय.

आणि "येवा, कोकण आपलाच आसा" ह्या खरा, पण आपला म्हणान बाटले टाकूक नको.

चित्रचौकट

हर्णैला संध्याकाळचा लिलाव चुकवू नका. होड्या किनाऱ्यापासून लांब उभ्या राहतात, मासळी पाण्यातून बैलगाडीने वाळूवर येते, वाटे पडतात आणि बोली लागते. साधारण चारनंतर. प्रकाश तिरका असतो, फोटोला उत्तम. थोडी मासळी विकत घेतली की बायका फोटो काढू देतात.

दर्याकिनारी

चित्रचौकट, शेवटच्या वाक्याला आक्षेप. अर्धा किलो बांगडा म्हणजे चेहऱ्याचा परवाना नव्हे. विकत घेणं आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ विचारा, "फोटो काढू का?" मान हलली नाही तर कॅमेरा खाली. बोली चालू असताना विचारूही नका, कारण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की तोट्यात तीच जाते.

लिलावात कुठे उभं राहायचं ते कळायला हवं. बोली लावणारा आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या डोळ्यांकडे, बोटांकडे बघत असतात. त्या दोघांच्या मधे जाऊ नका, वाट्याच्या मागच्या बाजूला उभे राहा. वाटे मोठे असतात, घेणारे व्यापारी असतात. घरच्यापुरतं हवं असेल तर बाजूला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडे जा. स्वतःचा डबा न्या. मासा उचलून कल्ला उघडून बघण्याआधी विचारा. भाव करा, पण ठरल्यावर "नको, राहू दे" म्हणून उठू नका. बाजारात ती सगळ्यात मोठी अवहेलना मानतात.

लहान पापलेट स्वस्त दिसलं तरी घेऊ नये. अंडी घालण्याआधी पकडलेलं ते पोर असतं. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, पण मान मिळून जाळ्याची आस (भोकांचा आकार) मोठी होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत "ताजी सुरमई" कुणी दिली तर ती बर्फातली. तेव्हा खाडीतलं मागा : बोय, शेवटं, तिसऱ्या, चिंबोऱ्या.

चित्रचौकट

मान्य. "विकत घेतली की" हे "विकत घ्या आणि विचारा" असं वाचावं.

ओटी_पडवी

तिसऱ्यांचं निघालं म्हणून अवांतर : वाळू सुटायला मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवायच्या. शिजल्यावरही ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्यायच्या.

पंचांगवाला

भरती-ओहोटीशिवाय हा प्रवास जमणार नाही, आणि त्याला ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दोन्ही पक्षांत तेच, सकाळी आणि संध्याकाळी. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून काठावरचा हिशेब करू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला "अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी" हा हिशेब बरोबर असला तरी त्या दिवशी पाणी पुरतं उतरत नाही, पाय भिजतात. उधाणाच्या दिवसांत सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी मिळते आणि वाट नीट उघडी पडते, पण परत फिरायची वेळही आधीच ठरवून जावं.

आंजर्ल्याच्या पुळणीवर लांब चालायचं तर ओहोटी लागल्यावर निघा. ओली वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूत पिंढऱ्या भरून येतात. हेदवीची बामणघळ भरतीला बघायची असते, पण घळीच्या तोंडाशी उभं राहून नव्हे. तिथे शेवाळ असतं आणि लाट कपारीतून सरळ वर उडते. पोहणाऱ्यांनी ओहोटीला पाण्यात शिरूच नये. ओढ आत असते.

टवाळ_टोळ

एकादशीला किती? सव्वा आठ. म्हणजे उपासाचं खाऊन झाल्यावर निवांत.

कासवछंदी

वेळास यादीत आहे आणि तारीख फेब्रुवारी. इथे नीट लिहितो, कारण चुकीच्या अपेक्षेने येणारे फार.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आगेमागे. कुत्री, कोल्हे आणि उधाणाचं पाणी यांपासून वाचवायला अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पिल्लं निघायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू गार असेल तर जास्त. म्हणून पिल्लं बघायचा काळ फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला हे काम सुरू केलं, पुढे गावाने उचललं आणि घराघरांत पाहुणे राहू लागले.

सकाळी साधारण सात आणि संध्याकाळी सहा, दोन वेळा घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर सोडतात, नसली तर नसतात. हमी कुणी देत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फोन करून "किती घरट्यांचे दिवस भरत आलेत?" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. एका रात्रीसाठी येणाऱ्याला एक किंवा दोन वेळा मिळतात, दोन रात्री राहणाऱ्याला चार. तेवढाच उपाय.

किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभे राहा. फ्लॅश नको, टॉर्च नको, मोबाईलचा उजेडही नको. पिल्लू क्षितिजावरच्या उजेडाकडे जातं, मागून उजेड आला की उलटं फिरतं. हातात उचलून पाण्यात सोडू नये, वाळूवरचं ते चालणं त्याला लागतं. अंडी-पिल्लांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

आंजर्ल्यालाही घरटी असतात आणि गर्दी कमी. मार्चचा पहिला पंधरवडा धरा.

मुक्काम_पोस्ट

सगळ्यांचे आभार. मार्च करतो. पण मग शिमगा मधे येतो ना?

नवलाईचा_नारळ

येतो, आणि तो टाळायचा की धरायचा हे आधी ठरवा.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते. कुठे फाल्गुन पंचमीपासून, कुठे होळीनंतर. प्रत्येक गावाचं वेगळं, त्यामुळे त्या गावच्या माणसालाच विचारायचं. चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली असतात. बऱ्याच घरी त्या दिवसांत पाहुणे ठेवत नाहीत. "जागा नाही" म्हणाले तर जास्त पैसे देऊ करू नका.

जागा मिळाली तर पाहुण्याला एवढं कळावं : पालखी अंगणात आली की चपला काढून बाजूला बसा. ओटी घरची बाई भरते, नारळ घरचा माणूस देतो. तुम्हाला नमस्कार करायचा असेल तर त्यांचं झाल्यावर. पालखी नाचवणं मानकऱ्यांचं आणि गावकऱ्यांचं काम, बोलावल्याशिवाय खांदा द्यायला जाऊ नका. रात्री नमन-खेळे (गावातलं लोकनाट्य) असतील तर चटई घेऊन जा आणि मागे बसा. त्यातलं संकासुराचं सोंग अंगावर धावून आलं तर घाबरू नका, त्याचं कामच ते.

मालवणी_खाजा

खेळ्यांचा निघाला म्हणान सांगतंय, आमच्या सिंधुदुर्गात दशावतार बघूचो आसलो तर कार्तिकी पुनवेनंतर जत्रांका येवा. मराठीत लिहितो, नायतर कोण वाचूचा नाय.

नाटक मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, मग आख्यान. लिखित संहिता नसते, संवाद उभ्या-उभ्या रचतात. पायपेटी, मृदंग, झांज. देवळामागे रंग लावत बसलेल्या कलाकारांचे फोटो काढायला लोक धावतात. तिथे पेटाऱ्याची पूजा झालेली असते, न विचारता शिरू नये. आरतीचं ताट फिरतं त्यात यथाशक्ती घालावं. जमिनीवर बसायचंय, डिसेंबरात थंडी लागते, घोंगडी न्या. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपलेल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्याच कामासाठी. तिथे अर्धा तास नाही, अर्धा दिवस ठेवा.

खाडीकाठ

खाजाभाऊ, धागा वाशिष्ठीच्या अलीकडे थांबलाय, तुम्ही कर्लीच्या खाडीत नेलात.

सड्यावरचा

मग मीही जयगडपलीकडे एकदा जाऊन येतो. मूळ यादीत रत्नागिरी होती. तिथे गेलात तर कातळशिल्पं (जमिनीवरच्या खडकात कोरलेली चित्रं) बघाल : उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी. युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही शिल्पं २०२२ पासून आहेत. फोटोत रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रंग भरू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, तिरक्या उन्हात रेघा आपोआप दिसतात. चपला काढून शिल्पावर जावं.

फुरसत

"चपला काढून" हे धोक्याचं. सड्यावर (खडकाळ माळावर) फुरसं हा विषारी साप असतो, रंग जांभ्यासारखाच. बूट घाला, दगडाखाली हात घालू नका, संध्याकाळी विजेरी ठेवा.

सड्यावरचा

फुरसत यांचं बरोबर. मग असं करू : शिल्पावर चढायचंच नाही, बूट घालून रेघेच्या बाहेरून फिरायचं. एवढं मोठं चित्र आत उभं राहून दिसतही नाही.

परदेशी_पाटील

आम्ही न्यू जर्सीहून दर दोन वर्षांनी येतो. मुलं दहा आणि तेरा, मराठी कळतं, बोलत नाहीत. त्यांना अशा गावात नेऊन काही साधेल का? शिवाय गावातल्या मुलांसाठी चॉकलेटं आणायचा विचार होता.

ओटी_पडवी

साधेल. मुलांना दोन कामं द्या : विहिरीवरून कळशी आणणे आणि दुकानातून साखर आणणे. दुकानदार नाव-गाव विचारल्याशिवाय साखर देत नाही.

चॉकलेटं नकोत.

गाडीवान

चॉकलेटात काय वाईट? लहान मुलं आहेत. इतका विचार करायला लागलो तर माणसाने घरीच बसावं.

दर्याकिनारी

ओळखीच्या घरातल्या मुलाला खाऊ नेणं वेगळं. रस्त्यावर गाडी थांबवून वाटणं सुरू झालं की पुढच्या गाडीपुढे मुलं हात पसरतात, आणि आईबापांना त्याची लाज वाटते. द्यायचंच असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना आधी विचारा, काय हवंय. बहुधा गोष्टीची पुस्तकं नाहीतर खेळाचं साहित्य सांगतील. वर्ग चालू असताना आत जाऊन फोटो नको.

बांधावरून

मूळ तिसऱ्या प्रश्नाचं अजून कुणी धड उत्तर दिलं नाही : बोलणं सुरू कसं होतं?

माझ्या मते ते हंगामातून होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजावळ चालू असते. शेताच्या तुकड्यावर शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पाचोळा, वर माती असा थर देऊन जाळतात, म्हणजे तणाचं बी मरतं आणि तिथे जूनमध्ये भाताचा तरवा (रोपं) पेरता येतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बिया गोळा होतात. एप्रिल-मे आंब्याची काढणी, जुलै लावणी, ऑक्टोबर कापणी. "इथे बघण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाला देऊळ आणि समुद्र एवढंच उत्तर येतं. "यंदा मोहोर कसा धरलाय?" असं विचारा आणि बघा. तुडतुडा, फवारणीचा खर्च, ढगाळ हवा, दलाल, सगळं निघेल. मात्र ऐका. "पुण्यात तर डझन इतक्याला मिळतो" हे वाक्य गिळा.

वेळही बघा. सकाळी सहा ते अकरा कामाची, तेव्हा बोलत उभं राहिलं की माणूस संकोचाने थांबतो आणि मजूर बसून राहतात. दुपारी चार ते दिवेलागण ही ओटीवर बसायची वेळ. देवळाचा कट्टा, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा इथे आपोआप बोलणं होतं, कारण तिथे सगळेच थांबलेले असतात.

झाडावरचा आंबा हवा असेल तर सकाळी लवकर. झेल्याने (काठीला जाळी बांधलेल्या) देठासकट काढतात, देठ तुटला तर चीक सालीवर उतरून डाग पडतो. अढीत (गवतात रचून) पिकायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे "आजच्या आज पिकलेला द्या" असं म्हणू नये.

फुरसत

बेडं (कुंपणाचं फाटक) उघडून कुणाच्या आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) शिरलात तर मागे लावून घ्या. गुरं आत शिरली की पोफळीची रोपं संपली.

आणि कुलूप लावलेली जुनी घरं म्हणजे मोकळी घरं नव्हेत. मालक मुंबईत असतो, गणपतीला येतो. पडवीत चढून "भुताचा वाडा" म्हणून रील काढणारे वाढलेत.

गाडीवान

याला मात्र +१००.

मुक्काम_पोस्ट

सुधारित बेत. मार्चचा दुसरा आठवडा, शिमग्याची पालखी त्या गावात कधी आहे ते फोनवर विचारून. मुंबई–मंडणगड एसटी, वस्तीच्या गाडीने वेळास, दोन रात्री. मंडणगडमार्गे केळशीला दुपार काढून आंजर्ले, दोन रात्री, त्यातली एक संध्याकाळ हर्णै. मग कोळथरे, दोन रात्री. दाभोळला मशीद आणि चंडिकेचं गुहेतलं देऊळ बघून जंगलजेटीने धोपावे, गुहागर, चिपळूणहून रेल्वे. सात दिवस होतात. काही अडतंय का?

हिशेबनीस

केळशी आणि आंजर्ले एका दिवसात नको. मंडणगडला गाडी बदलण्यात सकाळ जाईल. केळशीत वाळूची टेकडी, महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, अंतरं पायी आहेत पण ऊन असतं. वेळासची एक रात्र कमी करून केळशीला द्या.

कासवछंदी

वेळासची कमी करू नका! कोळथऱ्याची करा.

बंड्या_दापोलीकर

कोळथऱ्याची?? तिथे तर पोहोचल्यावर निघावंसं वाटत नाही.

टवाळ_टोळ

रजा एक दिवस वाढवा, नाहीतर इथे मारामारी होईल.

मुक्काम_पोस्ट

वाढवली. आठ दिवस. एक राहिलं : परत येताना आमसुलं घ्यायची आहेत. मार्चमध्ये चांगली मिळतात का?

ओटी_पडवी

मार्चमध्ये मिळतील ती गेल्या मेची. रातांबे (ज्यांची आमसुलं करतात ती फळं) एप्रिल-मेमध्ये होतात. सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं देतात. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळं, मऊ आणि टिकाऊ. हातात घेऊन दाबा. कडक आणि लालसर असेल तर पुटं कमी पडलीत, आमटीत दुप्पट घालावं लागेल. घरातून घ्या, वजन करून घ्या, आणि काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या बरणीत ठेवा, धातूच्या डब्यात नको. पावसाळ्याआधी थोडं जाडं मीठ वरून टाकलं आणि ओला हात घातला नाही तर बुरशी येत नाही. आगळ (रातांब्यांचा खारवलेला रस) हवं असेल तर बाटली बॅगेत उभी ठेवा, गळलं तर डाग जात नाही.